जमशेटजींचा हिशेब आणि घरातील वीज

लोणावळ्याच्या माथ्यावर एका पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. या पाण्यात मुंबईच्या गिरण्या चालविण्याचे सामर्थ्य आहे, हे ज्यांनी वेळीच ओळखले त्यांत जमशेटजी टाटा यांचे नाव अग्रभागी आहे. थोर उद्योगपती म्हणून त्यांचा गौरव नेहमीच होतो; परंतु शक्तीचा काटेकोर विनियोग करणारा हिशेबी पुरुष ही त्यांची ओळख विजेचे बिल भरणाऱ्या सामान्य कुटुंबाला अधिक उपयोगी आहे.

३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे पारशी पुरोहितांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण संपवून ते वडील नसरवानजी यांच्या व्यापारात शिरले. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आरंभी यंत्रसामग्रीत काटकसर केली गेली. परंतु स्वस्त यंत्रांचे उत्पादन समाधानकारक होईना. जमशेटजींनी हट्ट धरला नाही. त्यांनी उत्तम यंत्रे आणविली आणि रिंग पद्धतीच्या चात्या इतरांच्या आधी वापरून पाहिल्या. यंत्राची खरी किंमत दुकानात नव्हे, तर त्याच्या वापरात कळते, हा धडा ते पुढे कधीच विसरले नाहीत.

मुंबईच्या गिरण्या त्या काळी कोळशावर चालत. कोळसा दुरून आणावा लागे आणि त्याच्या धुराने शहर काळवंडे. सह्याद्रीच्या माथ्यावरील पाऊस अडवून वीज निर्माण करण्याची डेव्हिड गॉसलिंग यांची कल्पना जमशेटजींनी उचलून धरली. मात्र ती मूर्त स्वरूपात पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. पुत्र दोराबजी यांनी भारतीय भांडवल उभे करून १९१० मध्ये कंपनी स्थापन केली. १९११ मध्ये वळवण येथे कोनशिला बसविण्यात आली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली.

या योजनेचे मर्म काटकसरीतच आहे. चार महिन्यांचे पाणी लोणावळा, वळवण व शिरोता या तलावांत साठवायचे आणि ते वर्षभर पुरवायचे! हे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीस उतरते. एवढ्या उंचीवरून एक युनिट वीज मिळविण्यासाठी अदमासे आठ-नऊशे लिटर पाणी सोडावे लागते. दोन किलोवॅटचा गीझर ते एक युनिट अवघ्या अर्ध्या तासात संपवितो.

या हिशेबाला आणखी एक बाजू आहे आणि ती विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. तलावांखाली मावळातील शेते गेली. पुढे आंदर मावळात ठोकळवाडीचे धरण झाले. शेजारच्या मुळशीत तर १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तरीही धरण उभे राहिलेच. नगरांतील प्रकाशाची किंमत प्रथम या खोऱ्यांनी मोजली आहे.

आज महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशापासून येते. मावळातील घरांना ती महावितरण पुरविते. परंतु उगम बदलला म्हणून हिशेब बदलत नाही. साठ वॅटचा जुना दिवा सुमारे सतरा तासांत एक युनिट जाळतो. जवळपास तेवढाच प्रकाश देणारा नऊ वॅटचा एलईडी दिवा त्याच युनिटात शंभराहून अधिक तास चालतो. जुना पंखा पंचाहत्तर वॅट घेतो, तर बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास याप्रमाणे वर्षातील आठ महिने पंखा चालला, तर एका पंख्यामागे सुमारे १३० युनिटे वाचतात. खोपोलीच्या मापाने हे एक लक्ष लिटरांहून अधिक पाणी होय. नवा पंखा महाग पडतो हे खरे; पण एम्प्रेस मिलची स्वस्त यंत्रेही अखेर महागच पडली होती. खरेदीच्या वेळी किमतीबरोबर वॅटचा आकडा आणि तारांकित लेबल पाहण्याची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावयास हवी. युनिटे वाढतात तसा दरही चढत जातो, हे लक्षात घेतले तर मर्यादित पगारात भागविणाऱ्या शिक्षकास व कारकुनास या सवयीचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

काटकसर म्हणजे अंधारात बसणे नव्हे. विद्यार्थ्याला अभ्यासासाठी दिवा हवाच आणि उन्हाळ्यात पंखाही हवा. जमशेटजींनी गिरण्या बंद करावयास सांगितले नाही. त्या चालविण्याचा शहाणा मार्ग शोधला. रिकाम्या खोलीतील दिवा जळत ठेवण्यात मात्र कोणतेच शहाणपण नाही. ज्या खोऱ्यांनी आपली शेते दिली, त्यांचे ऋण पैशाने पुरते फिटणारे नाही. त्यांच्या त्यागातून मिळालेली शक्ती वाया न घालविणे एवढे तरी प्रत्येक घराच्या हाती आहे.