न्यायालयातून फळबागेत

सतराव्या शतकातील गोष्ट आहे. फ्रान्सची राजधानी पॅरिस येथील न्यायालयात झाँ बाप्तिस्त द ला कँतिनी नावाचा एक वकील होता. त्याची वाणी ओघवती आणि विचार तर्कशुद्ध असल्यामुळे त्याचा लवकरच लौकिक झाला. हा पुरुष पुढे मोठ्या मानाच्या पदावर चढेल, असे कोणालाही वाटावे. परंतु त्याच्या आयुष्याचा ओघ निराळ्याच दिशेला वळायचा होता.

तांबोनो नावाच्या एका बड्या अधिकाऱ्याने आपल्या मुलाच्या शिक्षणाचे काम ला कँतिनीवर सोपविले. या शिष्याला घेऊन तो १६५६ च्या सुमारास इटलीच्या प्रवासास गेला. तेव्हा तो तिशीच्या घरात होता. शेतीविषयीचे प्राचीन रोमन ग्रंथ त्याने आवडीने वाचले होते. इटलीतील उद्याने पाहताच त्या ग्रंथांतील ज्ञान जणू त्याच्या डोळ्यांपुढे सजीव झाले. परत आल्यावर त्याने वकिलीचा झगा कायमचा उतरवून ठेवला. तांबोनोने आपली बाग त्याच्या स्वाधीन केली आणि तेथे त्याचे नवे जीवन सुरू झाले.

झगा सुटला, तरी वकिलाची एक सवय मात्र सुटली नाही. पुराव्यावाचून कोणतीही गोष्ट तो खरी मानीत नसे. रोप उपटून दुसरीकडे लावताना त्याची जुनी तंतुमुळे जपावीत, अशी समजूत तेव्हा रूढ होती. ला कँतिनीने ती तपासून पाहिली. झाडाला खरे पोषण नव्या जागी फुटलेल्या नव्या मुळांकडून मिळते, असे त्याला आढळून आले. मग लावणीपूर्वी जुनी तंतुमुळे छाटून टाकण्याचा परिपाठ त्याने घातला. चंद्राची कला पाहून झाडे लावावीत, असेही लोक म्हणत. त्याने कित्येक वर्षे निरीक्षण केले आणि चंद्राचा काही संबंध नाही, असा निर्णय दिला. कोणती फांदी कोठे कापली असता फळ धरते, हेही त्याने झाडांकडूनच शिकून घेतले.

त्याची कीर्ती राजा चौदावा लुई याच्या कानी गेली. १६७० साली राजाने त्याला आपल्या सर्व फळबागांचा आणि भाजीमळ्यांचा प्रमुख नेमले. पुढे व्हर्साय येथील राजवाड्याजवळ एक मोठी नवी बाग उभारण्याचे ठरले. परंतु त्यासाठी जी जागा ठरली, ती होती एक दुर्गंधी सुटलेली दलदल! ला कँतिनीच्या मनात याहून चांगली जमीन होती; पण राजाज्ञेपुढे कोणाचे काय चालणार? त्या वेळी त्याची पन्नाशी उलटली होती. आजवर मिळविलेली सारी कीर्ती त्या चिखलात बुडण्याची वेळ आली होती.

१६७८ साली काम सुरू झाले. दलदलीत भराव घालण्यात आला, जवळच्या टेकडीवरून चांगली माती आणविण्यात आली. तरीही पावसाळी दिवसांत जमिनीचा चिखल होई आणि मुळे कुजू लागत. तेव्हा त्याने जमिनीखालून पाण्याला वाट काढून दिली आणि वाफे मध्यभागी उंच, कडेला उतरते असे केले. पाणी निचरले आणि झाडांनी जीव धरला.

१६८३ साली बाग पूर्ण झाली. सुमारे ९ हेक्टरांच्या त्या बागेच्या मध्यभागी कारंजाभोवती भाज्यांचे १६ चौक होते. सभोवती उंच भिंतींच्या अनेक लहान बागा होत्या. भिंती वारा अडवीत आणि उन्हाची ऊब साठवून ठेवीत. त्या भिंतींवर फांद्या पंख्याप्रमाणे पसरून नासपतीची झाडे वाढविली जात. अंजिराची झाडे लाकडी पेट्यांत लावलेली असत. थंडी पडली, की ती निवाऱ्याला नेत. घोड्याच्या लिदीची ऊब आणि काचेचे आच्छादन यांच्या साहाय्याने तो डिसेंबरात शतावरीचे कोवळे कोंब आणि मार्चअखेर स्ट्रॉबेरी राजाच्या ताटात पोहोचवीत असे. फांद्यांची छाटणी शिकण्यासाठी राजा स्वतः त्याच्याकडे येई, असे सांगतात. १६८७ साली राजाने त्याला सरदारपद बहाल केले.

पुढच्याच वर्षी, १६८८ मध्ये, ला कँतिनीचे निधन झाले. त्याच्या पत्नीचे सांत्वन करताना, या मृत्यूने आपलीही तितकीच हानी झाली आहे, असे राजा म्हणाल्याची आख्यायिका आहे. आयुष्यभराच्या अनुभवावर त्याने लिहिलेला ग्रंथ त्याच्या मुलाने १६९० साली प्रसिद्ध केला.

तीनशेहून अधिक वर्षे उलटली. राजे गेले, राजसत्ताही गेली. परंतु व्हर्सायची ती बाग आजही आहे. जुन्या भिंतींच्या आधाराने तेथे आजही फळझाडे बहरतात. ला कँतिनीने धंदा बदलला. परंतु सत्य पारखून घेण्याची जी सवय न्यायालयात लागली, तीच बागेत त्याच्या उपयोगी पडली. मनापासून मिळविलेली विद्या कधी वाया जात नाही. मात्र तिच्या जोडीला झाडाजवळ असणारा धीर माणसाने अंगी बाणवावा लागतो.