महर्षी अण्णासाहेब कर्वे : साधी राहणी आणि अखंड दान

दान द्यायला घरी संपत्ती असावी लागते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्या घरात संपत्ती कधी साठलीच नाही, अशा एका कोकणी कुटुंबाने दानाचा जो वस्तुपाठ घालून दिला, तो महाराष्ट्राला विसरता येणार नाही. ते कुटुंब म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या मुरूड गावचे कर्वे कुटुंब होय.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली या आजोळच्या गावी झाला. घरची गरिबी होती, पण मान ताठ होती. बडोद्यास ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाते असे कानी आल्यावर लहानग्या धोंडूला तिकडे जावेसे वाटले. तेव्हा मातोश्री लक्ष्मीबाईंनी त्याला साफ मनाई केली. आपण कष्ट करावे, फुकटचे घेऊ नये, हा धडा तेथेच मिळाला. पुढे याच मुलाने आयुष्यभर झोळी फिरविली. पण स्वतःसाठी कधीच नाही.

मुरूडच्या श्रीदुर्गादेवीच्या देवळात सोमण गुरुजींच्या सांगण्यावरून धोंडू गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. देऊळ हे गावाला शहाणे करण्याचेही स्थान आहे, हे त्या बालमनावर ठसले. परीक्षेसाठी भर पावसात कुंभार्ली घाट चढून तो पायी साताऱ्यास गेला. मात्र वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. तरीही न खचता त्याने शिक्षण चालू ठेवले आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. ची पदवी मिळविली.

मुंबईत शिकवण्या करून संसार चालविताना मिळकतीचा काही भाग धर्मादायासाठी बाजूला काढण्याचा त्यांचा परिपाठ होता. उरले तर द्यायचे असे नाही, आधी द्यायचे आणि उरेल त्यात भागवायचे! याच विचारातून गावाच्या हितासाठी त्यांनी ‘मुरूड फंड’ सुरू केला. बाहेरगावी चार पैसे मिळविणाऱ्याने जन्मगावाचे देणे फेडावे, हा त्यामागील हेतू होता.

१८९१ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. तेथील आजीव सेवकांना महिना ७५ रुपये वेतन असे. त्याच वर्षी पत्नी राधाबाई निवर्तल्या. पुन्हा विवाह करायचा तर विधवेशीच, असा निश्चय करून त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी विवाह केला. वयाच्या आठव्या वर्षी विधवा झालेल्या गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या होत्या. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या. पुढे सर्वजण त्यांना ‘बाया’ म्हणू लागले.

ज्या गावासाठी फंड उभारला, त्याच गावाने या विवाहामुळे अण्णासाहेबांवर बहिष्कार घातला. ते असतील त्या बैठकीस कोणी बसू नये, आणि घरच्यांनी त्यांना थारा दिल्यास तेही वाळीत, असे ठरले. वृद्ध आईला केवढे दुःख झाले असेल! परंतु अण्णासाहेबांनी गावाविषयी कटुता धरली नाही.

१८९६ साली त्यांनी पुण्यास विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो शहराबाहेर हिंगणे येथे, रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेत गेला. प्रारंभी एक साधी झोपडी एवढेच वैभव होते. दिवसभर कॉलेजात शिकवून संध्याकाळी अण्णासाहेब पायी हिंगण्यास जात आणि आश्रमातील मुलींना शिकवून सकाळी पुन्हा पायीच पुण्यास परतत. ऊन-पाऊस काही असो, हा क्रम चुकला नाही.

त्यांनी आपली शिल्लक तर आश्रमाला दिलीच, पण ५,००० रुपयांची आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून दिली. बायांना याचे फार वाईट वाटले. पदरी लहान मुले, उद्या धन्याचे बरेवाईट झाले तर काय, ही आईची काळजी रास्तच होती. त्यागाचा मान घरधन्याला मिळतो. मात्र त्याची झळ चुलीला लागते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. बायांनी काटकसर केली, सुईणीचे शिक्षण घेतले, संसार तोलून धरला. आणि एवढे सोसूनही आश्रमासाठी वर्गणी गोळा करायला त्या स्वतः दारोदार गेल्या. त्यांच्या विधवा भगिनी पार्वतीबाई आठवले यांनीही आश्रमास वाहून घेतले आणि निधीसाठी थेट अमेरिका गाठली.

१९१६ साली महिला विद्यापीठाची स्थापना झाली. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास १५ लाख रुपयांची देणगी दिली. एवढे मोठे दान लाभले, तरी अण्णासाहेबांनी पैशापैशाची वर्गणी कमी लेखली नाही. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढण्यासाठी त्यांनी नवी संस्था स्थापिली. तिच्यासाठी आपल्या तुटपुंज्या पेन्शनीतून पैसे दिले आणि दुकानोदुकानी जाऊन आणे-पैसे मागितले.

मुलांसाठी त्यांनी इस्टेट ठेवली नाही. तरी पुत्र दिनकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि भास्कर यांनी हिंगण्याच्या संस्थेची सेवा केली. आईबापांनी जे दिले ते वाया गेले नाही, याची साक्ष याहून दुसरी कोणती?

१९५८ साली, शंभराव्या वर्षी, अण्णासाहेबांना ‘भारतरत्न’ हा सर्वोच्च सन्मान मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. ज्या मुरूडने त्यांना वाळीत टाकले, त्याच मुरूडात आज त्यांचे स्मारक आहे. गावाला आपली चूक उमगते; पण तोवर सत्कार्य करणाऱ्याला धीर धरावा लागतो.

देवळाच्या जीर्णोद्धारास कोणी मोठी रक्कम देतो, कोणी पायलीभर धान्य, तर कोणी चार दिवसांचे श्रम. कर्वे कुटुंबाचे चरित्र पाहता या दानांत लहानमोठे काही नाही. स्वतःची गरज थोडी आवरून जे दिले, ते दान. आणि देणाऱ्याच्या मागे त्याचे सारे घर उभे असते, म्हणून त्या पुण्यात घरातील प्रत्येकाचा वाटा आहे.