अनुताई वाघ : सांभाळणाऱ्या हातांना शिकवणारी बालसेविका

‘अंगणवाडी’ हा शब्द आज मराठी न जाणणाऱ्या राज्यांतही घरोघरी परिचित आहे. देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत आणि सहा वर्षांखालील बालकांची देखभाल, पोषण व शाळापूर्व शिक्षण यांचा भार गावपातळीवर त्यांच्यावरच आहे. या शब्दाचा उगम तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी या गावात, दोन शिक्षिकांच्या कामात आहे. त्यांपैकी ज्येष्ठ होत्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी होत्या अनुताई वाघ.

अनुताईंची ओळख आदिवासी बालकांच्या शिक्षिका अशी सांगितली जाते आणि ती यथार्थच आहे. तथापि त्यांच्या जीवनाला आणखी एक पैलू आहे. बालकाच्या वाढीचे शास्त्र त्यांनी नोकरी आणि काम सांभाळून आत्मसात केले. पुढे हेच शास्त्र मुले सांभाळणाऱ्या अल्पशिक्षित स्त्रियांपर्यंत, त्यांच्या कामात खंड न पाडता, पोहोचवण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले.

बालविधवा ते शिक्षिका

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्या काळच्या प्रथेनुसार वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि अवघ्या सहा महिन्यांत त्यांना वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला बहुधा घरातील मागची खोली आणि कुटुंबातील इतरांची मुले सांभाळण्याचे काम येत असे. ते काम आयुष्यभराचे असे, पण त्याला मोल नसे आणि त्यासाठी काही शिकावे लागते असे कोणाला वाटतही नसे.

मात्र विसाव्या शतकाच्या प्रारंभी पुण्यात परिस्थिती बदलू लागली होती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांची हिंगण्याची संस्था आणि १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेले, रमाबाई रानडे यांनी नावारूपाला आणलेले सेवासदन यांमुळे विधवांना शिक्षणाचा आणि स्वावलंबनाचा मार्ग दिसू लागला होता. प्राथमिक शिक्षिकेचा व्यवसाय हा त्यांतील सर्वांत सुलभ आणि प्रतिष्ठेचा मार्ग होता. अनुताईंनी तो स्वीकारला. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा देऊन त्या पुण्याच्या स्त्री अध्यापन विद्यालयात दाखल झाल्या आणि १९२९ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षिकेचे प्रमाणपत्र मिळवले. त्यानंतर नाशिक जिल्ह्यातील चांदवड परिसरात त्यांनी सुमारे चार वर्षे अध्यापन केले. एकट्या तरुण विधवेने परगावी राहून नोकरी करणे हे त्या काळी सोपे नव्हते.

१९३३ मध्ये त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत रुजू झाल्या. १८८४ मध्ये स्थापन झालेली ही शाळा महाराष्ट्रातील मुलींच्या शिक्षणाची अग्रणी संस्था होती. येथे अनुताईंना आपल्या शिक्षणातील उणीव जाणवणे स्वाभाविक होते. व्हर्नाक्युलर फायनल ही मराठी माध्यमाची परीक्षा होती. उच्च शिक्षणाचे दार मॅट्रिकनंतरच उघडत असे. त्यांनी दिवसा वर्गावर शिकवणे चालू ठेवले आणि रात्रशाळेत नाव घातले. दिवसभर बाईंच्या खुर्चीवर बसणारी शिक्षिका रात्री विद्यार्थिनीच्या बाकावर बसू लागली. अशा रीतीने त्या मॅट्रिक झाल्या. स्वतःच्या वेळात शिकण्याची ही सवय पुढे त्यांनी कधी सोडली नाही.

ताराबाईंची भेट

१९४५ हे वर्ष अनुताईंच्या जीवनात निर्णायक ठरले. बोरिवली येथे ग्रामसेविकांसाठी भरलेल्या शिबिरात त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी भेट झाली. ताराबाई त्या वेळी बालशिक्षणाच्या क्षेत्रात सर्वमान्य झाल्या होत्या. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गेल्या होत्या. गिजुभाई मूळचे वकील. आपल्या मुलाच्या शिक्षणाच्या चिंतेतून त्यांनी मारिया माँटेसरी यांची पद्धती ग्रंथांवरून समजून घेतली आणि १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष काम करीत ताराबाई बालशिक्षण शिकल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे ताराबाईंनी शिशुविहार सुरू केला.

शिशुविहारात येणारी मुले शहरी मध्यमवर्गातील होती. माँटेसरींच्या पद्धतीला लागणारी साधने महाग होती आणि ती वापरणारे शिक्षक नगरांपुरते मर्यादित होते. खेड्यातील गरीब मूलही तेवढ्याच तीव्र संवेदनांनी जग समजून घेत असते, मग त्याच्यापर्यंत हे शास्त्र का पोहोचू नये, असा प्रश्न ताराबाईंपुढे होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. या कामाला सहकारी हवी होती. अनुताई तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या. पुण्यातील प्रतिष्ठित शाळेची स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीला गेल्या.

अंगणात भरलेली शाळा

प्राथमिक वर्गांना शिकवण्याचा सोळा वर्षांचा अनुभव अनुताईंच्या गाठीशी होता. परंतु अडीच-तीन वर्षांच्या मुलाला शिकवणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट होती. त्या वयाचे मूल बाकावर बसत नाही आणि पाठ म्हणत नाही. ते हाताळते, चाखते, ओतते, सांडते आणि तेच पुन्हा पुन्हा करते. यातूनच त्याची बुद्धी आकार घेत असते, हे बालशिक्षणाचे मूलतत्त्व अनुताई ताराबाईंच्या हाताखाली रोजच्या कामातून शिकल्या.

बोर्डीतील बालवाडीला प्रारंभी एक अनपेक्षित अडचण आली. ज्यांच्यासाठी ती काढली होती, ती दलित वस्तीतील मुले बालवाडीत फिरकत नव्हती. आईवडील पहाटे कामाला जात. मुलांना न्हाऊमाखू घालून पाठवायला घरी कोणी नसे. शिवाय गावातील स्पृश्यास्पृश्यतेची भिंत होतीच. तेव्हा मुलांनी शाळेत यावे हा आग्रह सोडून शाळेनेच मुलांच्या दारी जावे, असे ठरले. वस्तीतील एका अंगणात बालवाडी भरू लागली आणि ‘अंगणवाडी’ ही कल्पना साकार झाली.

या अंगणातील पहिला पाठ स्वच्छतेचा असे. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे काढणे, जखमा धुणे ही कामे शिक्षिका स्वतः करीत. त्यानंतर गाणी, गोष्टी आणि खेळ. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, माती आणि बांबू यांनी घेतली. लहान-मोठे, हलके-जड, गुळगुळीत-खरबरीत हे भेद समजण्यासाठी परदेशी लाकडी ठोकळेच हवेत असे नाही, हे या प्रयोगाने दाखवून दिले. शास्त्र तेच राहिले, साधने मात्र समुद्रकिनाऱ्यावरची आणि रानातली झाली.

कोसबादची टेकडी

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र बोर्डीहून डहाणू तालुक्यातीलच कोसबादच्या टेकडीवर हलले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे. येथे वस्ती मुख्यत्वे वारली आदिवासींची होती. जमीनदार आणि सावकार यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जुलमाविरुद्ध १९४५ मध्ये याच परिसरात वारल्यांचा लढा झाला होता. शाळा ही संस्था या लोकांना परकी होती.

कोसबादला अनुताईंच्या ध्यानात आलेली एक गोष्ट फार महत्त्वाची होती. पाड्यावरील सात-आठ वर्षांच्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. आई मजुरीला गेल्यावर तान्ह्या मुलाला सांभाळणारी तीच. म्हणजे ज्या मुलीचे स्वतःचे बालपण अजून संपलेले नाही, तीच दुसऱ्या बालकाची दिवसभराची पालक होती. मुलीला शाळेत आणायचे तर तिच्या कडेवरच्या मुलाचीही सोय करणे भाग होते.

यातूनच ‘विकासवाडी’ची रचना झाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. धाकटे भावंड पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण शाळेत, अशी ही योजना होती. तिचा दुहेरी लाभ झाला. थोरल्या मुलींना आपल्या वाट्याचे शिक्षण मिळू लागले आणि लहान मुलाला कसे न्हाऊ घालावे, भरवावे व रमवावे हेही त्यांच्या डोळ्यांसमोर रोज घडू लागले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवण्याचा ‘कुरणशाळे’चा प्रयोगही येथेच झाला. या सर्व प्रयोगांमागचे सूत्र एकच होते. शिकणाऱ्याचे काम बंद पाडून शिक्षण देता येत नाही, त्यामुळे कामाच्या जागी आणि कामाच्या वेळेला धरूनच ते द्यावे लागते.

सेविकांचे शिक्षण

बालवाड्या वाढवायच्या तर त्या चालवणाऱ्या स्त्रिया हव्या होत्या. पदवीधर शिक्षिका आदिवासी पाड्यावर येऊन राहतील, ही अपेक्षा व्यर्थ होती. म्हणून बोर्डी आणि कोसबाद येथे ग्रामीण भागातील बेताच्या शिक्षणाच्या स्त्रियांना बालसेविका म्हणून तयार करण्याचे काम सुरू झाले. त्यांपैकी अनेकींना मुले वाढवण्याचा अनुभव होता, परंतु मुलाचा हट्ट, भीती, तोतरे बोल किंवा एकच खेळ शंभरदा खेळण्याची ओढ यांचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. अनुताईंनी हे ज्ञान बोजड परिभाषा टाळून सोप्या मराठीत मांडले. ‘बालवाडी कशी चालवावी’ हे त्यांचे पुस्तक याच गरजेतून आले. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाच्या संपादनाचे कामही त्यांनी दीर्घकाळ पाहिले.

दुसऱ्यांना शिकवत असताना त्यांचे स्वतःचे शिक्षणही चालू होते. केंद्राच्या कामाचा व्याप सांभाळून १९६१ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्या पदवीधर झाल्या. त्या पदवीने त्यांच्या पदात किंवा कामात काही फरक पडणार नव्हता. परंतु नोकरी आणि संसार सांभाळून अभ्यास कसा करावा, असा प्रश्न मनात असलेल्या बालसेविकांसमोर त्यामुळे एक प्रत्यक्ष उदाहरण उभे राहिले.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर कोसबादच्या कार्याची धुरा अनुताईंनी सांभाळली. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण या सहा सेवा देणाऱ्या गावातील केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. बोर्डीच्या एका वस्तीत जन्मलेला शब्द अशा रीतीने राष्ट्रीय योजनेचा भाग झाला.

वयाची सत्तरी ओलांडल्यावरही अनुताईंनी नवे काम अंगावर घेतले. प्रा. रमेश पानसे यांच्यासह त्यांनी १९८२ मध्ये ‘ग्राममंगल’ या संस्थेची स्थापना केली आणि आदिवासी भागातील शिक्षणाचे प्रयोग पुढे नेले. ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या आत्मकथनातून त्यांनी आपल्या कार्याचा प्रवास मांडला. भारत सरकारने १९८५ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने सन्मानित केले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

अपूर्ण राहिलेले काम

अनुताईंनी हाताळलेला प्रश्न आजही संपलेला नाही. अंगणवाडी सेविकेला मिळणाऱ्या मोबदल्याला वेतन न म्हणता मानधन म्हटले जाते. या सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट करावे लागले. आहाराचे वाटप, वजनाच्या नोंदी आणि निरनिराळ्या सर्वेक्षणांचे काम आटोपल्यावर मुलांबरोबर बसण्यास किती वेळ उरतो, ही सेविकांची जुनी तक्रार आहे. शहरांत घरोघरी आणि पाळणाघरांत मुले सांभाळणाऱ्या स्त्रियांची स्थिती याहून बिकट आहे. आयुष्याच्या पहिल्या वर्षांत मूल दिवसाचा मोठा भाग त्यांच्यासोबत घालवते, पण बालविकासाचे शिक्षण त्यांच्या दारापर्यंत क्वचितच पोहोचते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने याची काही प्रमाणात दखल घेतली. बारावी वा त्याहून अधिक शिकलेल्या अंगणवाडी सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिक्षण असलेल्यांना एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम द्यावा, अशी त्यात तरतूद आहे. हे शिक्षण दूरचित्रवाणी वाहिन्या आणि स्मार्टफोन यांच्या साहाय्याने, चालू कामात कमीत कमी व्यत्यय आणून द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने ‘पोषण भी पढाई भी’ हा सेविकांच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला.

साधने बदलली, परंतु शिकणारी स्त्री तीच आहे. दिवसभर मुले सांभाळून, घरचा स्वयंपाक उरकून, रात्री ती अभ्यासाला बसणार आहे. तिच्या फावल्या वेळावरच हे सारे शिक्षण सोपवायचे की तिच्या कामाच्या तासांत आणि मोबदल्यात त्याला जागा द्यायची, हे धोरणकर्त्यांना ठरवावे लागेल. रात्रशाळेच्या बाकावर बसलेल्या अनुताईंना असा पर्याय मिळाला नव्हता. म्हणूनच पुढे त्यांनी मजूर आईच्या, गुराखी मुलाच्या आणि कडेवर भावंड घेतलेल्या मुलीच्या वेळेप्रमाणे आपली शाळा आखली.