हाल्डेन, हिवताप आणि दहावीचा धडा

डहाणू, तलासरीच्या आश्रमशाळांमध्ये सिकलसेलची तपासणी होते तेव्हा मुलांच्या बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतात. काही मुले ‘वाहक’ निघतात, क्वचित एखादे मूल ‘ग्रस्त’ निघते. हा दोष आई-वडिलांकडून आला एवढे त्यांना सांगितले जाते आणि ते बरोबरच आहे. पण जो दोष माणसाला आजारी पाडतो, आयुष्य कमी करतो, तो पिढ्यानपिढ्या टिकला कसा? आणि तो आदिवासी पट्ट्यांतच जास्त का आढळतो? या कोड्याची किल्ली ज्याने शोधली तो माणूस डॉक्टर नव्हता आणि त्याच्याकडे विज्ञानाची पदवीही नव्हती. जे. बी. एस. हाल्डेन हे त्याचे नाव. जन्माने इंग्रज, मृत्यूसमयी भारतीय नागरिक.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डला झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनाचे शास्त्रज्ञ. कोळशाच्या खाणीतील विषारी वायूंचा ते अभ्यास करत आणि प्रयोगासाठी हाताशी असलेले माणूस म्हणजे स्वतः किंवा स्वतःचा मुलगा. एकदा त्यांनी लहानग्या जॅकला खाणीत नेले, उभे केले आणि शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला लावले. हवेपेक्षा हलका मिथेन छताशी साचतो. भाषण पुरे होण्याआधीच पोराला भोवळ आली, खाली पडल्यावर चांगली हवा मिळून तो सावरला. हा धडा तो जन्मभर विसरला नाही. लहानपणी कपाळावर खोक पडून रक्त आले, तेव्हा त्यातले हिमोग्लोबिन कोणत्या प्रकारचे आहे असे त्याने विचारल्याची आख्यायिकाही सांगतात. खरी-खोटी कशीही असो, त्या घराला शोभते.

शिक्षण झाले ते गणिताचे आणि ग्रीक-लॅटिनचे. आनुवंशिकता मात्र घरीच शिकून झाली, बहीण नेओमीबरोबर गिनिपिग पाळून. पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियात जखमी झाले आणि बरे होण्यासाठी त्यांना हिंदुस्थानात पाठवण्यात आले. या देशाची ओळख झाली ती तेव्हा.

१९२४ पासून त्यांनी नैसर्गिक निवडीचे गणित मांडायला सुरुवात केली. डार्विनने निवड होते असे सांगितले होते, पण ती किती वेगाने होते हे कोणी मोजले नव्हते. हाल्डेन यांनी मँचेस्टर परिसरातील पतंग उदाहरणाला घेतले. कारखान्यांच्या काजळीने झाडे काळी पडली आणि सुमारे पन्नास वर्षांत फिकट पतंगांच्या जागी काळेच पतंग भरले. हे घडायला काळ्यांना किती फायदा मिळत असला पाहिजे, याचा त्यांनी हिशेब केला. उत्तर इतके मोठे आले की अनेकांचा त्यावर विश्वास बसेना. पुढे तीस वर्षांनी रानात जाऊन केलेल्या प्रयोगांनी त्याला आधार दिला. १९२९ मध्ये त्यांनी जीवसृष्टीच्या उगमावर एक छोटा लेख लिहिला. आदिकाळच्या समुद्रात सूर्याच्या अतिनील किरणांमुळे सेंद्रिय द्रव्ये तयार होऊन साचली असावीत आणि त्यांतून जीव घडला असावा, अशी ती कल्पना. रशियातील ओपारिन यांनीही स्वतंत्रपणे हाच विचार मांडला होता.

सिकलसेलच्या कोड्याशी संबंध येतो तो १९४९ मध्ये. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार बराच आढळे. दोन्हीकडून सदोष जनुक आलेली मुले तेव्हा लहानपणीच दगावत. मुलांबरोबर जनुकही जाते, तर ते कमी कमी होत संपायला हवे. ते संपत नव्हते. नवे दोष सतत निर्माण होत असतील, असे काही जण म्हणत. हाल्डेन यांना तो आकडा पटेना. त्यांनी वेगळा तर्क लढवला: ज्याच्याकडे एकच सदोष जनुक आहे, म्हणजे जो वाहक आहे, त्याचा हिवतापापासून काहीसा बचाव होत असला पाहिजे. एका बाजूने जनुक मरते, दुसऱ्या बाजूने तगते, आणि तराजू कुठेतरी स्थिरावतो.

पाच वर्षांनी, १९५४ मध्ये, अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत हाच प्रकार सिकलसेलच्या बाबतीत दाखवून दिला. जिथे हिवताप जास्त तिथे वाहक जास्त. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागेवर एक अमिनो आम्ल बदललेले असते, एवढाच फरक. दोन सदोष जनुके असतील तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हातपाय असह्य दुखतात. एकच असेल तर सहसा त्रास होत नाही आणि फाल्सिपेरम हिवताप जिवावर बेतण्याची शक्यता कमी होते. डहाणू-तलासरीसारख्या जंगलपट्ट्यात हिवताप पिढ्यानपिढ्या माणसे नेत होता. त्यातून जे वाचले त्यांत वाहक जास्त, आणि आजची मुले त्यांची नातवंडे-पतवंडे. हा कोणाचा कोप नव्हे, की कुळाला लागलेला बट्टा नव्हे.

हे कवच अर्धवट आहे, हेही सांगायला हवे. वाहकालाही हिवताप होतो, त्यामुळे मच्छरदाणी सुटत नाही. सिकलसेलग्रस्त रुग्णाला तर हिवताप अधिकच धोक्याचा. आणि दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. तपासणीचे कार्ड जपून ठेवायचे ते यासाठी.

हाल्डेन हे सारे प्रयोगशाळेपुरते ठेवणारे नव्हते. लंडनच्या ‘डेली वर्कर’ या कामगारांच्या दैनिकात त्यांनी वर्षानुवर्षे विज्ञानाचे सदर चालवले आणि शेकडो लेख लिहिले. कम्युनिस्ट पक्षाचे ते सभासद होते आणि तिथेच त्यांची कसोटी लागली. ऑगस्ट १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने लायसेन्को यांच्या आग्रहावरून आनुवंशशास्त्र बाद ठरवले. ते शाळा-विद्यापीठांतून काढून टाकले गेले, शिकवणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. हाल्डेन यांना एकेकाळी रशियात बोलावणारे वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव त्याआधीच, १९४३ मध्ये, तुरुंगात मेले होते. एरवी कोणाची भीड न ठेवणारे हाल्डेन या प्रश्नावर मात्र गुळमुळीत बोलले. त्यांच्या चरित्रातला हा डाग पुसता येत नाही. १९५० च्या सुमारास ते पक्षातून बाहेर पडले, तेही गाजावाजा न करता.

अभ्यासक्रमातून जीवशास्त्राचा एखादा भाग वगळावा की नाही, हा वाद आपल्याकडेही आला. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, म्हणून अभ्यासक्रम बदलावा, असे त्यांचे म्हणणे होते. देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून ते खोडून काढले. मग करोनानंतर ओझे कमी करताना एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली. २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहेच, असे उत्तर मिळाले. पण बारावीला जीवशास्त्र घेणारी मुले किती? तलासरीच्या पाड्यावरची अनेक मुले दहावीनंतर शेतात, वीटभट्टीवर किंवा वापीच्या कारखान्यात जातात. त्यांच्यासाठी दहावी हाच विज्ञानाचा शेवटचा तास.

आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात आनुवंशिकता नववीत आहे, त्यात सिकलसेलही आहे. दहावीच्या विज्ञान भाग दोनचा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. या दोन इयत्तांमधला पूल म्हणजे हाल्डेन यांचे १९४९ चे गणित. उत्क्रांती कोणी पाहिली, या प्रश्नाचे उत्तर वर्गातल्याच एखाद्या मुलाच्या तपासणी कार्डावर लिहिलेले असते.

१९५७ मध्ये हाल्डेन पत्नी हेलन स्पर्वे यांच्यासह कायमचे भारतात आले, कोलकात्याला महालनोबिस यांच्या संख्याशास्त्र संस्थेत. कुर्ता घालू लागले, मांसाहार सोडला, १९६१ मध्ये नागरिकत्व घेतले. महागडी यंत्रे नसली तरी डोळे आणि मोजदाद यांवर उत्तम जीवशास्त्र होते, हा त्यांचा हट्ट. त्यांचे तरुण सहकारी नारळाच्या झावळ्या डावीकडून फिरतात की उजवीकडून ते मोजत, टिटवीची घरटी न्याहाळत, गांडुळांच्या मातीचे वजन करत. डहाणूच्या कोणत्याही शाळेच्या आवारात हे आजही करता येईल. कोसबाडच्या टेकडीवर त्याच सुमारास ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ पाने, बिया, शंख-शिंपले घेऊन वारली मुलांना शिकवत होत्या. या मंडळींची हाल्डेन यांच्याशी गाठ पडली असती तर जमले असते.

वरिष्ठांशी मात्र त्यांचे फार काळ जमत नसे. कोलकाता सोडून ते १९६२ मध्ये भुवनेश्वरला गेले. ओडिशा सरकारने तिथे त्यांना प्रयोगशाळा दिली. वर्षभरातच गुदाशयाचा कर्करोग निघाला. लंडनच्या रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी त्यावर एक विनोदी कविता लिहिली, ती वाचून तरी लोक लाज सोडून वेळेवर डॉक्टरकडे जातील म्हणून. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकीनाड्याच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी, देण्यात आला.