डिझेल एसयूव्ही जास्त ॲव्हरेज का देते? उत्तर एका बुडालेल्या इंजिनियरच्या आयुष्यात आहे

नवी गाडी सोसायटीच्या गेटमधून आत आली की पेढ्यांच्या आधी एक प्रश्न येतो. ॲव्हरेज किती देते?

ठाणे असो, कल्याण असो की डोंबिवली, एसयूव्हीच्या बाबतीत हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. दीड-दोन टनांची गाडी आणि आठवड्याचे पाच दिवस घोडबंदर रोड नाहीतर कल्याण-शीळ रोडचं ट्रॅफिक. मग डिझेल घ्यायची की पेट्रोल, यावरून घरातच दोन पार्ट्या पडतात.

पण यातला डिझेल हा शब्द मुळात एका माणसाचं आडनाव आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. या माणसाने उभं आयुष्य एकाच गोष्टीच्या मागे घालवलं. जाळलेल्या इंधनातून जास्तीत जास्त काम कसं काढायचं? म्हणजेच, ॲव्हरेज कसं वाढवायचं?

त्याचं नाव रुडॉल्फ डिझेल.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन. वडिलांचा चामड्याच्या वस्तू बनवायचा छोटा धंदा होता आणि तयार माल हातगाडीवरून गिऱ्हाइकाकडे पोचवायचं काम पोरगा करायचा. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. पॅरिसमधल्या जर्मनांना शहर सोडावं लागलं आणि डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथे पोटापाण्याचे हाल होते, म्हणून १२ वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतल्या ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवण्यात आलं. ज्यांच्या घरी तो राहिला ते गणिताचे शिक्षक होते.

पोराने लवकर कमवायला लागावं, असं घरच्यांचं मत होतं. रुडॉल्फने मात्र स्कॉलरशिप मिळवली आणि म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश घेतला.

इथे त्याला प्राध्यापक भेटले कार्ल फॉन लिंडे, म्हणजे कृत्रिम बर्फ बनवण्याच्या तंत्रातलं मोठं नाव. लिंडेंच्या वर्गात रुडॉल्फच्या डोक्यात एक आकडा घुसला. त्या काळात सगळं जग वाफेच्या इंजिनावर चालत होतं, पण ते इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम १० टक्केच कामाला लावायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर १०० रुपयांचा कोळसा जाळला की ९० रुपये वाया.

हे ९० रुपये वाचवायचे कसे, या प्रश्नाने त्याला पुढे कधीच सोडलं नाही.

१८८० मध्ये उत्तम मार्कांनी पास होऊन तो लिंडेंच्याच कंपनीत लागला. पुढची साधारण दहा वर्षं नोकरी बर्फाची आणि डोक्यात विचार आगीचा, असं चाललं. मधल्या काळात त्याने अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवून पाहिलं, ते काही जमलं नाही. शेवटी त्याला वेगळीच वाट सापडली.

सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण सगळ्यांनीच अनुभवलंय. हवा दाबली की ती तापते. रुडॉल्फचा विचार असा होता की सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची आणि ती इतकी दाबायची की त्यात इंधन सोडल्याबरोबर ते आपोआप पेटेल. ठिणगीची गरजच नाही. आणि हवा जितकी जास्त दाबाल, तितकं त्याच इंधनातून जास्त काम निघेल.

१८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं, या कल्पनेवर त्याचं पुस्तकही आलं. ऑग्सबर्गचा यंत्र कारखाना आणि क्रुप ही बडी कंपनी पैसा लावायला तयार झाली.

पण कागदावरचं इंजिन आणि लोखंडाचं इंजिन यात फरक असतो. ऑगस्ट १८९३ मध्ये पहिल्या चाचणीत स्फोट होऊन दाब मोजायचं उपकरणच फुटलं. हवेत इंधन पेटतं, एवढं मात्र सिद्ध झालं. त्याने हिशोबात धरलेला दाब प्रत्यक्षात झेपणारा नव्हता, त्यामुळे मूळ आराखडा बदलावा लागला. मशीन जोडायचं, बिघडायचं, पुन्हा जोडायचं, यात साडेतीन वर्षं गेली.

१७ फेब्रुवारी १८९७ ला प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. आकडा आला २६.२ टक्के. १०० रुपयांतले १० नाही, तर २६ रुपये कामाला लागत होते.

इंजिनियरिंगच्या जगात खळबळ उडाली. अमेरिकेतले बिअर सम्राट अडॉल्फस बुश यांनी तिथले हक्क १० लाख मार्कना घेतले. रुडॉल्फ चाळिशीच्या आत लखपती झाला, म्युनिकमध्ये आलिशान बंगला बांधला.

गंमत म्हणजे, त्याला हे इंजिन छोट्या कारागिरांसाठी हवं होतं. वाफेचं अवाढव्य इंजिन बड्या कारखानदारालाच परवडतं, छोटा माणूस त्यात चिरडला जातो, असं त्याचं मत होतं. पण झालं उलटंच. तेव्हाचं डिझेल इंजिन माणसाहून बरंच उंच आणि काही टनांचं होतं. ते पोचलं मोठ्या कारखान्यांत आणि नंतर जहाजांत.

इंधनाचा हिशोब चोख ठेवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पैशाचा हिशोब मात्र जमला नाही. सुरुवातीची इंजिनं बंद पडायची, गिऱ्हाइकं परत पाठवायची. पेटंटवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. त्यात गुंतवणुकी बुडाल्या आणि तब्येतही ढासळली.

२९ सप्टेंबर १९१३ ला तो बेल्जियममधल्या अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. रात्री जेवण झालं, सकाळी लवकर उठवायला सांगून तो केबिनमध्ये गेला. सकाळी केबिन रिकामी होती. बिछाना मोडलेलाही नव्हता. त्याची टोपी आणि कोट डेकवर सापडला.

साधारण दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तू काढून घेऊन देह पुन्हा पाण्यात सोडण्यात आला. त्या वस्तू मुलाने ओळखल्या. रुडॉल्फ डिझेल तेव्हा ५५ वर्षांचा होता. मागे राहिलं ते कर्ज. आत्महत्या, अपघात की घातपात, यावर आजही वाद होतात. कर्जाचा डोंगर पाहता अनेक अभ्यासकांचा कल आत्महत्येकडे आहे.

त्याचं इंजिन कारमध्ये बसायला अजून दोन दशकं लागली. १९२० च्या दशकात रॉबर्ट बॉशच्या कंपनीने इंधन फवारणारा आटोपशीर पंप बाजारात आणला आणि १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही डिझेल कार आली.

पुढे या इंजिनाचा धागा थेट आपल्या कल्याण-डोंबिवलीपर्यंत आला. १९९० च्या दशकात प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी हातमिळवणी केली आणि कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनू लागली. तिचं दीड लिटरचं डिझेल इंजिन कमी पिणारं म्हणून लोकांना आवडलं. कामगारांचा वाद आणि बिघडलेली भागीदारी यात ती गाडी काही वर्षांतच बंद पडली.

आता मुद्द्याचं. रुडॉल्फचं गणित आजच्या एसयूव्हीला कसं लागू होतं?

पेट्रोल इंजिन हवा साधारण दहा-बारा पट दाबतं, तर डिझेल इंजिन पंधरा-सोळा पट किंवा त्याहून जास्त. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा जास्त ऊर्जा असते. म्हणून तेवढ्याच वजनाची डिझेल गाडी जास्त किलोमीटर जाते. चांगलं डिझेल इंजिन आज १०० मधले ४० रुपयेसुद्धा कामाला लावतं.

पण हे ४० रुपये गाडी नीट पळत असताना. पलावा जंक्शनला गाडी चालू ठेवून उभे राहिलात की कामाला लागतो शून्य रुपया. जोरात ॲक्सिलरेटर देऊन लगेच ब्रेक मारला, तर इंजिनाने कमावलेलं सगळं ब्रेकच्या चकत्या तापवण्यात जातं.

म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून एका लयीत चालवणं, हाच एसयूव्हीचं ॲव्हरेज वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेली असते तेवढी ठेवा. टपावरचं रिकामं कॅरियर काढा, कारण हायवेला ते वारा अडवतं. माळशेज घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की आजची इंजिनं इंधनच बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र पीत राहतात. शिवाय न्यूट्रलमध्ये उतरणं धोक्याचंही आहे.

आणि डिझेल घ्यायची की नाही? १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुरात काजळी अडवणारा फिल्टर आला. तो साफ व्हायला धूर भरपूर गरम व्हावा लागतो. रोज घर ते डोंबिवली स्टेशन एवढंच तीन-चार किलोमीटर जायचं असेल, तर इंजिन तापायच्या आत बंद होतं आणि फिल्टर तुंबतो. अशा घराला पेट्रोल बरी. दर आठवड्याला नाशिक नाहीतर कोकण गाठणाऱ्या घराला डिझेल परवडते.

रुडॉल्फने वाफेच्या इंजिनाला विचारलेला प्रश्न इथेही तोच आहे. १०० रुपये टाकले, त्यातले कामाला किती लागले? टाकी फुल करा, महिनाभर चालवा, पुन्हा फुल करा आणि किलोमीटरला लिटरने भागा. शोरूमचा आकडा काहीही असो, तुमच्या घराचं उत्तर या भागाकारात मिळतं.