कथेतल्या बाईची बाजू मांडणाऱ्या ताराबाई शिंदे

कथा-कादंबऱ्यांतली बाई कशी रंगवली जाते, ही चर्चा निघाली की आपण परदेशी लेखिकांची नावे घेतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी हा प्रश्न १८८२ सालीच विचारला होता.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास मराठा कुटुंबात झाला. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजात होते. मुलीला त्यांनी घरीच शिकवले. लग्नानंतर पती घरजावई म्हणून राहिले. मूलबाळ झाले नाही.

१८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवर नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला चालला. तिला फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा कमी झाली. विधवेला पुनर्विवाह करू न देणारा समाज आणि तिला फसवणारा पुरुष मात्र मोकळाच राहिला. उलट वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. १८८२ साली पुण्यात तिच्या ५०० प्रती छापल्या गेल्या.

स्त्री कपटी, चंचल, साहसी आणि अविचारी असते, असे संस्कृत श्लोकांपासून चालत आले होते. ताराबाईंनी त्यातला एकेक दोष घेतला आणि तो पुरुषांत किती आहे, हे रोखठोक मराठीत दाखवले. ‘स्त्रीचरित्र’, ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ ही त्या काळची पुस्तके आणि नाटके त्यांनी तपासली. पुराणांनाही सोडले नाही. पतीसाठी यमाच्या मागे जाणारी सावित्री कथेत सापडते. पत्नीसाठी तसा निघालेला नवरा कुठे आहे, हा त्यांचा सवाल होता.

मुद्दा साधा होता. लेखणी पुरुषाच्या हाती असेल, तर कथेतली बाई एक तर देवी होते, नाही तर कुलटा. हाडामांसाची बाई त्यात येतच नाही. आणि अशा गोष्टी ऐकून वाढलेला समाज खऱ्या विजयालक्ष्मीचा निवाडा करायला बसतो.

पुस्तकावर कडाडून टीका झाली. जोतीरावांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. तरीही त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही. १९१० च्या सुमारास त्यांचे निधन झाले आणि पुस्तकही विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले.

एका बाईने पहिल्याच पुस्तकात एवढे सांगितले आणि पुढे तिला गप्प राहावे लागले, हे मराठी साहित्याचे मोठे नुकसान आहे. आज मालिका पाहताना कारस्थानी सून आणि सोशिक सून अशा दोनच बायका दिसल्या, तर ताराबाईंचा प्रश्न आपणही विचारावा : ही बाई कोणी लिहिली, आणि कोणाच्या सोयीसाठी?