ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या गावी १५४९ च्या सुमारास फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. मायदेशी कॅथलिक उपासनेवर बंदी असल्याने ते रोमला गेले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. पुढील चाळीस वर्षे त्यांनी मुख्यत्वे साष्टी प्रांतात सेवा केली.

तेथील काळ कठीण होता. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती. लोकांच्या मनात रोष होता. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांची हत्या झाली. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला होता त्यांची पुराणे, पोथ्या व कीर्तने सुटली होती आणि मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. भाविक मंदिरात येत, गुडघे टेकत. पण कानी पडलेल्यातले किती मनात उतरत असेल?

ही उणीव फादरांनी ओळखली. मुलांच्या धर्मशिक्षणासाठी त्यांनी घरची बोली, म्हणजे कोकणी, निवडली व प्रश्नोत्तररूप पुस्तक रचले. बाहेरून येणाऱ्या धर्मगुरूंसाठी कोकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले. ही दोन्ही पुस्तके त्यांच्या निधनानंतर, अनुक्रमे १६२२ व १६४० साली, छापली गेली. परंतु प्रौढ भाविकांसाठी त्यांनी मराठी घेतली, कारण पुराण ऐकायचे ते मराठीतच, हा लोकांचा संस्कार होता. त्या मराठीत समजण्यास सोपे जावे म्हणून कोकणी शब्दही मिसळले. छंद घेतला ओवीचा. कृष्णाकाठी, इस्लामपूरकडे (आता ईश्वरपूर), जात्यावर आणि पारायणात जी ओवी पिढ्यान्‌पिढ्या घुमली, तीच ही. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रविवारी व सणावारी मिस्सानंतर मंदिरांतून वाचले जाऊ लागले. अक्षरशत्रू माणसालाही ते ऐकून पाठ करता येई.

आज आपल्या मंदिरांत पडदा, प्रोजेक्टर, ध्वनिमुद्रित गीते सहज येतात. साधन हाती आहे म्हणून ते वापरावे, असे आपले बहुधा होते. समोर कोण बसले आहे, हा प्रश्न फादरांनी आधी विचारला, असे आम्हांस वाटते.

एका बाबतीत मात्र त्यांना मनासारखे साधन मिळाले नाही. देवनागरी खिळे तयार करण्यासाठी त्यांनी १६०८ साली रोमकडे परवानगी मागितली होती. ते काम झाले नाही. १६१६ साली राशोल येथे ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत. १६१९ साली फादरांचे गोव्यात निधन झाले.

१६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. तरीही हस्तलिखित प्रतींतून पुराण टिकून राहिले. १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले, तेही रोमन लिपीतच. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली.